लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 आणि 4 चा एअर सस्पेंशन कंप्रेसर स्वतः बदलताना

माझी 2012 ची डिस्कव्हरी 4 आहे, 3.0 डिझेल, सेकंडहँड घेतलेली, आणि तिचा एअर सस्पेंशनचा, म्हणजे गाडी हवेवर तोलून वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, कंप्रेसर आत्तापर्यंत दोनदा बदललाय. पहिल्यांदा एका वर्कशॉपमध्ये पैसे मोजून, दुसऱ्यांदा स्वतःच्या हाताने सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पहिला नवाकोरा कंप्रेसर आठ महिन्यांत गेला, कारण आधीचा का जळला हे कोणी बघितलंच नाही, जुना काढला, नवा लावला, बिल दिलं, बस. म्हणून बदलायची कृती तर सांगतोच पण आधी काय तपासायचं यावर जास्त लिहितोय आणि कृपा करून तो भाग गाळू नका, बोल्ट काय कोणालाही काढता येतात.

हे सगळं डिस्कव्हरी 3 (2004 पासूनची), डिस्कव्हरी 4 (2009 पासूनची) आणि त्याच काळातल्या पहिल्या रेंज रोव्हर स्पोर्टला लागू आहे, खालची रचना जवळपास सारखीच. टाटांनी 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली आणि 2009 ला या गाड्या अधिकृतपणे आपल्याकडे आल्या, त्यामुळे पुण्यामुंबईत आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असलेल्या बऱ्याच आहेत आणि त्यांची रबरं, नळ्या सगळंच आता दहा-पंधरा वर्षांचं झालंय.

लक्षणं तुम्हाला माहीत असतीलच. आधी डॅशवर पिवळ्या दिव्यासोबत 'नॉर्मल हाइट ओन्ली' येतं, दोन दिवस येतं-जातं, मग एक दिवस लाल दिवा आणि 'मॅक्स स्पीड 50'. किंवा सकाळी खाली येऊन बघता तर गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे अगदी खालच्या रबरी अडणीवर, बसलेली आणि स्टार्ट केल्यावर मागच्या डाव्या बाजूने जो गुर्रर्र आवाज यायचा तो येतच नाही. बंप स्टॉपवर बसलेली गाडी चालवू नका, अगदी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची असली तरी चालण्याच्या वेगाने न्या, कारण धक्का सरळ चॅसिसवर जातो आणि टायर वरच्या आर्चला, म्हणजे चाकावरच्या कमानीला, घासतो.

आता हे चालतं कसं ते थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं तपासणं नुसतं पाठांतर होईल. कंप्रेसर म्हणजे एक 12 व्होल्टची मोटर आणि एक छोटा पिस्टन. तो बाहेरची हवा ओढतो, दाबतो, ड्रायरमधून पुढे ढकलतो आणि टाकीत साठवतो, टाकी 9 लिटरची आणि दाब 16-17 बारपर्यंत जातो, म्हणजे गाडीच्या टायरच्या सातपट तरी. तिथून तीन व्हॉल्व्ह ब्लॉक, एक टाकीजवळ, एक पुढे, एक मागे, चारही एअर स्प्रिंगना, म्हणजे चाकांवरच्या हवा भरलेल्या रबरी फुग्यांना, हवा वाटतात. गाडी वर जाते तेव्हा आधी मागून उचलते मग पुढून, खाली येताना उलटं. ऑफरोड हाइटला नॉर्मलपेक्षा 55 मिमी वर, चढउतरायच्या हाइटला 50 मिमी खाली.

यातला ड्रायर नीट लक्षात ठेवा. त्यात ओलावा शोषणारे दाणे असतात. हवा आत जाताना दाणे पाणी धरून ठेवतात, आणि गाडी खाली येते तेव्हा तीच कोरडी हवा उलटी ड्रायरमधून बाहेर पडते आणि जाताना दाण्यांमधलं पाणी घेऊन जाते. म्हणजे ड्रायर स्वतःला वाळवत असतो, पण कधी, तर हवा त्याच वाटेने परत आली तरच. एखाद्या एअर स्प्रिंगला लीक असेल तर हवा तिकडूनच निघून जाते, कंप्रेसर पुन्हापुन्हा नवी ओली हवा भरत राहतो आणि दाणे कधीच वाळत नाहीत. त्यात आपला जुलै महिना, हवेतच एवढं पाणी. दाणे भिजून भिजून फुटतात, त्यांची पांढरी पूड होते आणि ती पूड नळीतून व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जाते. इकडे पिस्टनची रिंग जादा चालून झिजते, झिजली की दाब यायला वेळ लागतो, वेळ लागला की अजून जास्त चालतो, तापतो, आणि शेवटी ईसीयू, म्हणजे सस्पेंशन चालवणारा कॉम्प्युटर, त्याला बंद करतो किंवा मोटर जळते. एक मोहरीएवढं लीक एवढा उद्योग करतं.

म्हणून पहिलं काम, लीक शोधणं. कंप्रेसर अजून थोडाफार चालत असेल तर गाडी सपाट जागी उभी करा आणि चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून वर आर्चच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. मग बॉनेटमधल्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघून सस्पेंशन ईसीयूचा फ्यूज काढून ठेवा आणि रात्रभर सोडा. फ्यूज काढायचं कारण असं की ही गाडी बंद केल्यावरही दोन तासांनी आणि मग दर सहा तासांनी जागी होते आणि एक कोपरा खाली गेला असेल तर बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला उतरवते. त्यामुळे सकाळी सगळी गाडी सारखीच बसलेली दिसते आणि माणसाला वाटतं चारही स्प्रिंग गेल्या, आणि खर्चाचा आकडा ऐकून तो गाडीच विकायला काढतो. फ्यूज काढलेला असेल तर जो कोपरा खाली येईल तोच गुन्हेगार. चार-पाच मिमी खाली येणं चालतं, हवा रात्री थंड होऊन आकसतेच, पण बोटभर खाली आली तर लीक आहे.

मग भांडी घासायचं लिक्विड पाण्यात मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरा आणि त्या कोपऱ्यातल्या एअर स्प्रिंगचं रबर जिथे दुमडून आत वळतं तिथे मारा, सगळ्यात आधी तिथेच तडे जातात. नंतर वरच्या नळीचा जोड, नंतर व्हॉल्व्ह ब्लॉकचे जोड, टाकीचा जोड. माझ्या गाडीत पुढची डावी निघाली. फेस मारला तेव्हा पहिलं मिनिटभर काहीच दिसलं नाही, मी पुढे सरकणार तेवढ्यात मुलीने टॉर्च जरा खाली धरला आणि घडीच्या आतल्या बाजूला साबुदाण्याएवढे बुडबुडे एकेक करून वर येताना दिसले, फुटायचे, परत यायचे. त्यामुळे घाई करू नका, एकेका जागी दोन-तीन मिनिटं बघत थांबा. कोपरा खाली येतोय पण बुडबुडे कुठेच नाहीत असं झालं तर व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आत कचरा अडकलेला असू शकतो, तिथली हवा आतल्या आत गळून सस्पेंशनच्या एक्झॉस्टच्या, म्हणजे हवा बाहेर सोडायच्या, वाटेने जाते.

दुसरी तपासणी वीजपुरवठ्याची, कारण कंप्रेसर गेलाय असं वाटतं आणि निघतो रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, किंवा फ्यूज. ईसीयूचा छोटा फ्यूज वेगळा आणि कंप्रेसरचा मोठा फ्यूज वेगळा, दोन्ही बघा. रिले पण तिथेच. आमच्या गल्लीतले ऑटो इलेक्ट्रिशियन, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना मी दुसऱ्या वेळी गाडी दाखवली तर त्यांनी खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही, म्हणाले, "आधी तो रिले काढून माझ्या हातात द्या." रिलेचं झाकण त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने उचकलं, आतले दोन्ही पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटलेले. म्हणजे कंप्रेसरला करंट बंदच होत नव्हता, गाडी बंद असताना पण तो चालायचा आणि मला वाटायचं बॅटरी जुनी झाली म्हणून उतरते. पहिल्या वेळी रिले बदलला असता तर तो कंप्रेसर वाचला असता असं मामा म्हणाले आणि मला ते शंभर टक्के पटलं. कंप्रेसर बदलताना रिले नवा टाकायचाच, जुना चांगला दिसला तरी, त्याची किंमत कंप्रेसरपुढे काहीच नाही.

मल्टिमीटर असेल तर कंप्रेसरच्या दोन जाड वायरींच्या कनेक्टरवर, इंजिन चालू असताना आणि हाइट वर मागितल्यावर, 12 च्या वर व्होल्ट येतात का बघा. येत असतील आणि तो गप्प असेल तर मोटर गेली. येतच नसतील तर मागे फ्यूज-रिलेकडे जा. मात्र ईसीयूने फॉल्टमुळे त्याला स्वतःच बंद ठेवलं असेल तरी व्होल्ट येणार नाहीत, म्हणून आधी स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचा आणि पुसा. साध्या ओबीडी स्कॅनरला सस्पेंशन दिसत नाही, लँड रोव्हरचं चालतं असं टूल लागतं, जीएपीचं आयआयडी टूल बऱ्याच मालकांकडे असतं, ओळखीत कोणाकडे असेल तर मागून आणा. सी1ए20 आला तर टाकी भरताना दाब फार हळू वाढतोय, म्हणजे पिस्टन रिंग झिजली किंवा मोठं लीक. सी1ए13 आला तर हवा सोडताना दाब उतरत नाहीये, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकला किंवा ड्रायर पुडीने तुंबला. त्याच टूलवर टाकीचा दाब लाइव्ह दिसतो, तो बघत बसलात की कंप्रेसरची ताकद कळतेच.

घ्यायचा कोणता? जुन्या गाड्यांवर हिताचीचा यायचा, नंतर कंपनीने जर्मन एएमकेचा बसवायला सुरुवात केली आणि आता बदलायचा म्हटलं की एएमकेच मिळतो. गाडीखाली वाकून आधी लेबल वाचा. एएमकेच्या जागी एएमके असेल तर सरळ काम. हिताची काढून एएमके बसवणार असाल तर किटमध्ये कनेक्टर जुळवायची छोटी वायरिंग येते, आणि सस्पेंशन ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट करावं लागतं कारण दोघांचा चालण्याचा आणि तापण्याचा हिशोब वेगळा आहे, हे अपडेट न करता लावलेत तर काही दिवसांनी पुन्हा फॉल्ट येऊन नव्या कंप्रेसरवर आळ येतो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत विचारपूस करा, पण काढलेला जुना कंप्रेसर घेऊ नका, त्याची रिंग किती झिजलीय आणि ड्रायरमध्ये काय आहे हे बाहेरून कळायचा काहीच मार्ग नाही. बिननावाच्या डब्यातले नवे पण मिळतात, मी तरी नाही लावणार.

नुसती रिंग झिजली असेल आणि मोटर धडधाकट असेल तर रिंग, सिलिंडर आणि दाण्यांचं रिपेअर किट पण मिळतं. हात बसलेला असेल तर करा, मी करून बघितलंय, चालतं, पण लांबच्या प्रवासाआधी नाही.

आता प्रत्यक्ष काम. कंप्रेसर डाव्या बाजूला चॅसिसच्या बाहेरच्या अंगाला, मागच्या चाकाच्या पुढे टांगलेला आहे, त्याच्या पुढे टाकी. म्हणजे गाडीखाली पूर्ण झोपायची गरज नाही, कडेने हात जातो, पण गाडी बसलेली असेल तर साइडस्टेपखालून काहीच दिसत नाही म्हणून उचलावी लागतेच.

इथे जिवाची गोष्ट आहे, नीट वाचा. एअर सस्पेंशनच्या गाडीखाली नुसत्या जॅकवर किंवा हवेच्या भरवशावर कधीच हात घालायचा नाही. नळी सुटली, व्हॉल्व्ह उघडला किंवा कोणी दार लावून चावी फिरवली तर अडीच टनांची गाडी क्षणात खाली येते. दुसरं म्हणजे या गाडीचा पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांवर आहे, मागचं डावं चाक उचललं की अर्धा ब्रेक गेला, आणि एक चाक हवेत असताना गिअर पी मध्ये टाकून गाडी थांबेलच असं नाही कारण डिफरन्शियलमधून ते मोकळं चाक फिरतं आणि गाडी सरकू शकते. त्यामुळे सपाट पक्की जमीन, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे, चॅसिसखाली चांगल्या वजनाचा जॅक आणि लगेच जॅक स्टँड, आणि काढलेलं चाक सिलखाली, म्हणजे दारांखालच्या कडेखाली, आडवं टाकून ठेवायचं. चावी खिशात, घरात नाही, खिशात.

सामान फार नाही: 8, 10 आणि 13 चे सॉकेट, लांब एक्स्टेंशन, छोटे पाने, ट्रिम क्लिप काढायचं हत्यार, नळी सरळ कापायचा कटर, गंज सोडवायचा स्प्रे, तारेचा ब्रश, टॉर्च. कोकणात किंवा मुंबईत राहिलेली गाडी असेल तर बोल्टवर आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. खारी हवा या बोल्टांना अजिबात सोडत नाही आणि एक जरी तुटला की दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं.

इग्निशन बंद करा, गाडीचे सगळे इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण झोपू द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. मागचं डावं चाक काढलंत तर हात जास्त मोकळा चालतो. मग कंप्रेसरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर, आतून आवाज दाबायला फोम लावलेलं असतं, त्यात वर्षानुवर्षांचा चिखल बसलेला असतो, माझ्यातून तर ताम्हिणीची लाल माती निघाली. कव्हर काढायच्या आधी फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कोणती नळी कुठून वळते ते नंतर अजिबात आठवत नाही.

टूल असेल तर बॅटरी काढायच्या आधीच त्यातून टाकीची हवा सोडून टाका, म्हणजे नळी निवांत काढता येते. नसेल तर एरवी कंप्रेसरच्या नळीत दाब फारसा नसतो, कारण टाकीचा व्हॉल्व्ह बंद असतो, पण गृहीत धरू नका. दाबाची नळी म्हणजे ती बारीक कडक काळी नळी, तिचा नट पाव फेरा ढिला करायचा आणि थांबायचं, फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत, तोंड बाजूला आणि डोळ्यांवर चष्मा. मग इनटेकची जाड नळी, एक्झॉस्टची नळी, दोन कनेक्टर, एक जाड वायरींचा आणि एक बारीक, तापमान सेन्सर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. कनेक्टरची लॉक जुनी होऊन ठिसूळ झालेली असतात, नखाने हळू उचला. शेवटी ब्रॅकेटचे बोल्ट, पण आधी खालून एका हाताने कंप्रेसरला आधार द्या, तो दिसतो त्यापेक्षा जड आहे.

जुना बाहेर आला की त्याला लगेच फेकू नका. दाबाच्या नळीचं तोंड पांढऱ्या कागदावर आपटा. पांढरी पूड पडली तर ती पुढे पण गेलेली आहे, नळी काढून दुसऱ्या टोकापर्यंत कोरड्या हवेने फुंकून काढा, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या दिशेने फुंकू नका नाहीतर सगळी पूड आत जाईल. माझ्या जुन्या कंप्रेसरचं डोकं उघडलं तेव्हा रिंग एका बाजूला कागदाएवढी पातळ झालेली आणि सिलिंडरच्या भिंतीवर करडा लेप. ड्रायर ओतला तर दाण्यांऐवजी ओल्या मिठासारखा लगदा निघाला, चमच्याला चिकटत होता.

नवा बसवताना ब्रॅकेटचे रबर माउंट नवे घाला, जुने चिरलेले असले की आवाज थेट केबिनमध्ये येतो. अर्थच्या जागेला तारेच्या ब्रशने घासून चकाकवा. काळ्या नळीचं टोक चरे पडलेलं असेल तर दोन-तीन मिमी कापा, अगदी काटकोनात, कात्रीने नाही, तिरकं कापलेलं टोक जोडातून हवा सोडतं आणि तुम्ही परत लीक शोधत बसता. नट आधी बोटांनी पूर्ण चढवा, मग पान्याने हलका आवळा, हे पितळ आहे, जोर लावलात की आटे गेले. इनटेकचा छोटा फिल्टर नवा टाका, आणि इनटेकची नळी जिथे संपते तिथपर्यंत हाताने चाचपत जा, कुठे पिळलेली किंवा चिखलाने भरलेली नाही ना. फोटो बघून वायरींची वाट तीच ठेवा, सायलेन्सर आणि फिरणाऱ्या शाफ्टपासून लांब. नवा रिले बसवा, फ्यूज परत जागेवर, बॅटरी जोडा.

चाक लावून गाडी स्टँडवरून पूर्ण खाली घ्या, आजूबाजूला, खाली कोणी नाही बघा, मग सगळी दारं बंद करून इंजिन चालू करा. दार उघडं असलं की गाडी हाइट बदलायची थांबते, नव्या माणसाचा अर्धा तास यातच जातो. टूलने जुने कोड पुसा. रिकाम्या टाकीपासून भरायचं असल्यामुळे कंप्रेसर बराच वेळ चालेल आणि मध्येच तापून थांबेल पण, घाबरू नका, पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि पुन्हा. पहिल्याच दिवशी ऑफरोड-नॉर्मल-ऑफरोड असं दहा वेळा करून दाखवायचा मोह टाळा. फक्त कंप्रेसर बदललाय तर हाइटचं कॅलिब्रेशन लागत नाही, ते हाइट सेन्सरला हात लावला असेल तरच.

नळीच्या नव्या जोडावर साबणाचा फेस मारा. मग गाडी ऑफरोड हाइटला नेऊन चारही स्प्रिंगच्या घड्यांवर फेस मारा, कारण वर गेल्यावर रबराचा वेगळा भाग घडीत येतो आणि नॉर्मलला न दिसलेलं लीक तिथे दिसतं. कंप्रेसर आधी बंद पडल्यामुळे ही तपासणी करता आली नसेल तर आज करायचीच, उद्या नाही. लीक सापडलं तर ती स्प्रिंग बदलेपर्यंत नवा कंप्रेसर रोज झिजतोय असं समजा. मी पुढच्या दोन्ही एकदम बदलल्या, एक चिरली म्हणजे तिच्याच वयाची दुसरी पण आज ना उद्या चिरणार होती.

पुढचे दोन आठवडे दर रविवारी सकाळी टेप घेऊन तीच चार मापं घ्या आणि त्याच वहीत तारखेसकट लिहा, आणि नंतर वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला. माझ्या वहीत आता तीन वर्षांची मापं आहेत, मागच्या मे महिन्यात मागची उजवी रात्रीत 11 मिमी उतरलेली दिसली तेव्हा डॅशवर अजून काहीच आलं नव्हतं, व्हॉल्व्ह ब्लॉकचा एक जोड ढिला निघाला, 10 मिनिटांत आवळून झाला.